तुम्ही स्क्रीन माझ्याकडे वळवलीत

आदरणीय डॉक्टर मॅडम,

मी तुमच्या लक्षात असेन असं नाही. मिरजेच्या त्या ओपीडीत रोज किती माणसं येतात ते मी बघितलंय. तासगावकडची, निळी फाईल, सोबत अण्णा आणि मोठे काका, एवढं सांगितलं तर आठवेल कदाचित. येत्या महिन्यात माझ्या हृदयाच्या ऑपरेशनला वर्ष होईल. हे पत्र लिहायला तीनदा बसले आणि तीनदा उठले, कारण पहिल्या ओळीलाच डोळे भरून येतात.

आभार मानायचेत ते एका साध्या गोष्टीचे. एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करताना तुम्ही स्क्रीन माझ्याकडे वळवलीत.

अकरा वर्षांची असल्यापासून माझे एको होतायत. डाव्या कुशीवर झोपायचं, तोंड भिंतीकडे, छातीवर गार जेल, आणि पाठीमागे कुणीतरी माझं काळीज बघत बसलेलं. बघून झालं की टिश्यू पेपर हातात द्यायचा आणि अण्णांना आत बोलवायचं. चौदा वर्षं माझं हृदय सगळ्यांनी बघितलं, मी सोडून. तुम्ही म्हणालात, "जरा उताणी हो गं," आणि मॉनिटर धरून माझ्या तोंडासमोर आणलात. पेनाच्या टोपणानं दाखवलंत, "हे बघ, ही तुझी मायट्रल झडप." पावसात फुगलेलं लाकडी दार कसं अर्धं उघडून अडकतं, तशी ती अडकत होती. चार ते सहा चौरस सेंटीमीटर असायला हवं ते तोंड एकच्याही खाली आलेलं. शिवाय गळती, म्हणून बलूननं, म्हणजे आत फुगा फुगवून तोंड रुंद करून, भागणार नव्हतं. बेदाण्याच्या शेडमध्ये दोन क्रेट उचलले की मला धाप का लागते, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं. तोवर मी स्वतःला आळशी समजत होते.

याआधीचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. लहानपणी घसा धरला, ताप आला, मग गुडघे सुजले, तर "वाढीचं वय आहे" म्हणून परत पाठवलेलं. त्याच तापानं पुढं झडप खराब केली. आणि तुमच्याकडे यायच्या आधी ज्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी फाईल चाळली आणि अण्णांना विचारलं, "मुलीचं लग्न व्हायचंय ना? मग टिश्यूचीच झडप टाकू." मी समोरच्याच खुर्चीत होते. माझ्या वयात ती झडप लवकर झिजते, दहा-पंधरा वर्षांत, कधी त्याच्याही आधी, छाती पुन्हा उघडावी लागते, हे त्या खोलीत कुणी उच्चारलंसुद्धा नाही. अण्णा हात जोडून "तुम्ही म्हणाल तसं" म्हणाले. माझ्या लग्नाचा विचार सगळ्यांनी केला, माझा कुणी केला नाही.

तुम्ही काकांना म्हणालात, "तुम्ही जरा बाहेर बसा, मला हिच्याशी बोलायचंय." आणि काहीही न लपवता बोललात. टिश्यूची झडप डुकराची किंवा गाईगुरांच्या हृदयावरच्या पडद्यापासून केलेली, तिला रक्त पातळ करायची गोळी सहसा जन्मभर लागत नाही, मूल हवं असेल तर ती सोयीची, पण दुसरं ऑपरेशन धरूनच चालायचं. मेटलची टिकाऊ, पण गोळी रोज, मरेपर्यंत, आणि हयगय केली तर झडपेवर गुठळी धरते. दिवस राहिले तर त्या गोळीनं बाळाला धोका, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, आणि गोळी बंद करून इंजेक्शनांवर गेलं तर गुठळीची भीती वाढते. हे सांगताना तुम्ही आवाज खाली आणला नाहीत. मग विचारलंत, "तुला काय वाटतं?" आणि मी बोलेपर्यंत थांबलात. बाहेर एवढी रांग असताना थांबलात.

मी मेटल निवडली. तो लहानपणीचा ताप उलटू नये म्हणून पेनिसिलीनचं इंजेक्शन दर एकवीस दिवसांनी, सणवार, परीक्षा न बघता, मी वर्षानुवर्षं घेतलंय, एकही न चुकवता. रोजच्या गोळीला मी भीत नाही. छाती दुसऱ्यांदा फाडायला मात्र मी भिते. मुलाचं काय, यावर आई रात्रभर रडली. मीही रडले. पण तो निर्णय माझा होता आणि रडणंही माझंच होतं. अण्णांना खर्चाची धास्ती होती, तर तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनं घडवलेली आपल्या देशातली झडप १९९० पासून माणसांच्या छातीत चालतेय, हे तुम्ही त्यांना समजावून सांगितलंत. त्यांचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा सैल झाला. ऑपरेशन केलेल्या सरांचे उपकार आहेतच, ते मी त्यांना भेटून सांगितलं.

हल्ली मला सारखं वाटतं, चांगुलपणाला वेळ फारसा लागतच नाही. मी टाके घेऊन घरी निघाले तेव्हा माधवनगरच्या पुढं एसटी खड्ड्यात आदळायला लागली, तर कंडक्टरनं न सांगता ड्रायव्हरला हळू घ्यायला लावलं आणि आपली घडी घातलेली शाल माझ्या छातीशी धरायला दिली. नाव विचारायचं राहून गेलं.

आता बरी आहे. रात्री सगळं शांत झालं की छातीतून टिकटिक ऐकू येते. आई शेजारी झोपते, ती म्हणते तिला त्या आवाजानंच झोप लागते. शेजारपाजारचे सांगतात, रक्त पातळ करायची गोळी घेतेस तर पालेभाजी बंद कर. तुम्ही सांगितलंय तसं मी करते, मेथी-पोकळा सोडला नाही, फक्त प्रमाण सारखं ठेवते. कापलं तर रक्त लवकर थांबत नाही, म्हणून छाटणीला जाड हातमोजे घालते. अंगदुखीची गोळी मनानं घेत नाही. रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आयएनआर मागच्या वेळी २.९ आला, हवा तेवढाच.

पुढच्या तपासणीला येताना बेदाणा आणतेय, यंदाचा, आमच्याच शेडचा, मी निवडलेला. नको म्हणू नका.

तुमची,
तासगावची निळ्या फाईलवाली