गीझर बाथरूमबाहेर काढते आहे, रागावू नका

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर हा विषय काढला की तुम्ही फोन आईच्या हातात देता, म्हणून हे पत्र. येत्या शनिवारी सकाळी दहा वाजता गीझर कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राचा माणूस कोथरूडच्या घरी येईल आणि बाथरूममधला गॅस गीझर काढून ड्राय बाल्कनीत बसवेल. तुम्हाला न विचारता हे ठरवले याचे मला वाईट वाटते. पण विचारले असते तर तुम्ही "उन्हाळ्यात बघू" म्हणाला असतात, आणि दारे-खिडक्या बंद करून अंघोळ होते ती थंडीतच.

गेल्या रविवारी आई अंघोळ करून आली, चौकट धरून उभी राहिली आणि "पित्त झालंय" म्हणाली. गॅलरीत पंधरा मिनिटे बसल्यावर तिचे डोके उतरले. दुपारी बाथरूमच्या झरोक्याच्या काचपट्ट्यांवर थर्मोकोल चिकटवलेला दिसला, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. आईला गार वारा लागू नये म्हणूनच तुम्ही तो लावलात, हे मला कळते. पण गीझरची ज्योत त्याच खोलीतला प्राणवायू खाते आणि तो कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. "वास येत नाही ना, मग गॅस नाही" असे तुम्ही म्हणता. तो वास गळती कळावी म्हणून सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वासही नाही आणि रंगही नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट धरतो, त्यामुळे माणसाला आधी नुसती चक्कर येते, मळमळते, आणि कडी आतून लावलेली असते.

वाड्यातला बंब आठवतो का, बाबा? नरक चतुर्दशीला पहाटे तुम्ही मला शालीत गुंडाळून चौकात बसवायचे आणि नारळाच्या शेंड्या एकेक करून माझ्या हातून आत टाकायला लावायचे. धुराने माझे डोळे चुरचुरायचे, पण तो धूर दिसत होता आणि वर मोकळे आभाळ होते.

वीज गेली तर काय, हा तुमचा मुद्दा मला पटला, म्हणून गीझर गॅसचाच राहील. आईचा नळ, तिचे स्टूल, कोमट पाण्याची सवय, काहीही बदलणार नाही. नळी लांबल्यामुळे सुरुवातीचे दोन तांबे गार येतील, ते बादलीत बाजूला काढावेत. शनिवारपर्यंत पाणी शेगडीवर तापवा, मात्र पातेले तुम्ही उचलू नका, कमरेचा पट्टा अजून सुटलेला नाही. आईला डॉक्टरांकडे नेताना पित्ताबरोबर "गॅस गीझर" हे शब्दही त्यांना सांगा.

ज्यांनी गीझर बसवून दिला ते इतकी वर्षे आपल्या घरचे नळ दुरुस्त करत आले आहेत आणि नळाच्या कामात त्यांचा हात कोणी धरणार नाही. त्यांना याबद्दल बोलू नका. गॅसचे काम त्यांचे नव्हे, एवढेच. शनिवारी येणाऱ्याचे ओळखपत्र पाहा आणि तक्रार क्रमांक माझ्याशी पडताळा. सगळे जोड त्याच्याकडून तुमच्यासमोर साबणाच्या पाण्याने तपासून घ्या. बुडबुडा आला तर जोड पुन्हा आवळायचा, आणि काडी ओढून तपासणारा असेल तर त्याला त्याच पावली परत पाठवायचे. सिलिंडरच्या रबरी नळीवरची तारीख वाचा, कारण ती पाच वर्षांनी बदलावी लागते. मध्येच कोणी दारावर येऊन "नळी बदलणे सक्तीचे आहे" म्हणत पैसे मागू लागला, तर दार न उघडता एजन्सीला फोन करा. गॅसगळतीसाठी 1906 हा क्रमांक मी फ्रिजवर चिकटवला आहे, त्यावर किराणा मालाची यादी लावू नका. बाल्कनीला कबुतरांची जाळी चालेल, पण पावसाळ्यात ताडपत्री बांधायची नाही.

मी नऊपर्यंत पोहोचते. त्या माणसाला चहा द्याच, पण साबणाचे पाणी लावून झाल्यावर द्या. आधी चहा दिला की मग त्याचे काम तपासायला तुम्हाला संकोच वाटतो.

तुमची,
चिमी