सई, डेटा गोळा करण्याआधी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

प्रोजेक्टसाठी तू साथीच्या रोगाचा प्रश्न घेतलास, फार छान. ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी 1981 साली तो मांडला. साथीत 600 माणसं दगावतील असा अंदाज आहे. ‘200 वाचतील’ हा उपाय घ्यायचा, की सगळे वाचण्याची एक-तृतीयांश आणि कुणीच न वाचण्याची दोन-तृतीयांश शक्यता असलेला? 72 टक्के लोकांनी खात्रीचा उपाय निवडला. दुसऱ्या गटाला तेच आकडे ‘400 मरतील’ अशा शब्दांत दिले, तेव्हा तोच उपाय निवडणारे 22 टक्केच निघाले.

एकाच माणसाला दोन्ही रूपं दाखवू नकोस. आकडे सारखेच आहेत हे त्याच्या लगेच लक्षात येतं आणि तो उत्तरं जुळवून देतो. कोणाला कुठलं रूप मिळेल ते कॉम्प्युटरलाच ठरवू दे. सकाळच्या वर्गाला एक आणि दुपारच्या वर्गाला दुसरं दिलंस, तर फरक शब्दांमुळे पडला की वर्गांमुळे, हे नंतर कुठल्याच चाचणीने सांगता येणार नाही.

आता ते वाक्य नीट वाच. ‘200 वाचतील’ म्हटलं, पण उरलेल्या 400 चं काय? जोखमीच्या पर्यायात दोन्ही शक्यता सांगितल्या आहेत, खात्रीच्या पर्यायात मात्र अर्धीच गोष्ट आहे. त्यामुळे काही जण ते ‘निदान 200’ असं वाचतात. ‘200 वाचतील आणि 400 वाचणार नाहीत’ असं पूर्ण लिहिलं की फरक बराच कमी होतो, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलंय. मला विचारशील तर तुझ्या प्रोजेक्टचा खरा जीव इथेच आहे. ‘वाचतील’ आणि ‘मरतील’ या दोन्ही रूपांत अपुरं वाक्य आणि पूर्ण वाक्य, दोन्ही तपास. मग गट चार होतील आणि माणसंही जास्त लागतील.

किती लागतील? एका गटात 50 टक्के आणि दुसऱ्यात 70 टक्के असा फरक 80 टक्के खात्रीने पकडायचा, तर 5 टक्क्यांच्या पातळीवर (म्हणजे नसलेला फरक दिसण्याची शक्यता 5 टक्केच ठेवून) प्रत्येक गटात साधारण 93 जण हवेत. फरक 50 आणि 60 एवढाच असेल तर 388. वर्गातल्या चाळीस जणांवर हे भागणार नाही, तेव्हा आतापासूनच दुसऱ्या विभागांत विचारायला लाग.

रोज निकाल उघडून बघायचा आणि फरक दिसला की थांबायचं, हे मात्र अजिबात नको. असं केल्याने नसलेला फरक ‘सापडण्याची’ शक्यता 5 टक्क्यांच्या बरीच वर जाते. किती जण घ्यायचे, कोणाची उत्तरं वगळायची, कुठली चाचणी लावायची (इथे काय-वर्ग म्हणजे chi-square, गटांमधला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का हे तपासणारी चाचणी), हे सगळं आधी तारीख घालून लिहून ठेव. प्रश्न पूर्वी पाहिला होता का, हे फॉर्मच्या शेवटी विचार. मानसशास्त्राच्या मुलांना तो बहुधा माहीत असतो.

त्याआधी आठ-दहा जणांकडून फॉर्म मोठ्याने वाचून घे. कुठे अडखळतात ते टिपून ठेव, पण त्यांची उत्तरं मोजू नकोस. संमतीचं पान सुरुवातीला आणि अभ्यासाचा खरा हेतू सांगणारं पान शेवटी, दोन्ही हवीत.

चारही वाक्यांचा मसुदा रविवारपर्यंत पाठव, मी वाचून कळवते.

तुझी,
आई