छतावर ऊन मावेना, आत पंखा फिरेना

संपादक साहेब, स.न.वि.वि.

कालच्या अंकात पहिल्या पानावर 'आता रेल्वे धावणार सूर्याच्या जोरावर' असा दणदणीत मथळा वाचला, चहा बाजूला ठेवून शेवटच्या ओळीपर्यंत बातमी वाचली, तेव्हा कळलं की रेल्वे कुठेच धावणार नाहीये. बनारसच्या इंजिन कारखान्यात रुळांच्या मधे ७० मीटरभर सोलर पॅनेल टाकलेत, २८ नग, सगळे मिळून १५ किलोवॅट. ही ऑगस्ट २०२५ ची गोष्ट. शिळ्या कढीला ऊत आणायलाही हरकत नाही हो, पण निदान कढी कसली आहे ते तरी सांगा. १५ किलोवॅट म्हणजे २० एचपीची एक मोटार. माझं जळालेल्या विजेच्या मोटारी भरून (आतली तार नव्याने गुंडाळून) द्यायचं दुकान होतं, आता मुलगा बघतो, त्यामुळे एवढं मला कागद-पेन्सिल न घेता सांगता येतं. आणि तुमच्या बातमीदाराने 'रोज १५ किलोवॅट वीज तयार होणार' असं लिहिलंय. रोज तयार झालेली वीज मोजतात ती युनिटमध्ये, किलोवॅट ही पॅनेलची ताकद. दहावीच्या पोराला विचारलं असतं तरी चाललं असतं.

बरं, बनारसात, रुळांच्या मधे, आकाशाकडे तोंड करून पॅनेल. पानाची पिंक कोण मोजणार? कारखान्याच्या आतल्या लाइनवर ठीक आहे, बाहेर काय होईल ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

मुद्दा असा की गाडीच्या छतावरच्या पॅनेलवर गाडी ओढली जात नाही आणि जाणारही नाही, हे कोणीतरी एकदा स्पष्ट लिहा ना. एका डब्यावर ३०० वॅटचे १६ पॅनेल बसवले तर होतात ४.८ किलोवॅट. चोवीस डब्यांची गाडी धरा, सगळे डबे झाकले तरी ११५ किलोवॅट, तेही भर दुपारी, आभाळ स्वच्छ असताना. आणि पुढचं इलेक्ट्रिक इंजिन साधारण साडेचार हजार किलोवॅटचं. झाला हिशोब.

पण पंखे आणि दिवे? ते आरामात चालतात! आणि इथेच माझं डोकं फिरतं. १४ जुलै २०१७ ला दिल्लीच्या सफदरजंग स्टेशनवर आपले कोकणातले सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना त्यांनी सोलरवाली डेमू (डिझेलवर चालणारी लोकल गाडी) सुरू केली होती, तुमच्याच पेपरात तेव्हा फोटो आला होता. सहा डब्यांवर प्रत्येकी १६ पॅनेल, गाडी ओढायला डिझेलच, पण आतले दिवे-पंखे सोलरवर आणि संध्याकाळसाठी बॅटरी. वर्षाला एका गाडीमागे २१ हजार लिटर डिझेल वाचेल, १२ लाख रुपये वाचतील असं सांगितलं होतं. खर्च ५४ लाख, म्हणजे साडेचार वर्षांत वसूल. मग काय झालं? ज्या रेल्वेच्याच संस्थेने हे केलं, ती पर्यायी इंधनवाली दिल्लीची संस्था, ती २०२१ मध्ये बंदच करून टाकली. याच्यावर पहिल्या पानावर मथळा आलेला मला तरी आठवत नाही.

मी हे एवढं तळमळून का लिहितोय तर गेल्या मे महिन्यात आत्याला डोळ्याच्या ऑपरेशननंतर पॅसेंजरने परत आणत होतो. गाडीचं नाव, स्टेशनचं नाव लिहीत नाही, उगाच कोणाला मेमो नको. दुपारची वेळ, परभणीकडचा मे म्हणजे काय ते पुण्या-मुंबईच्या ऑफिसात बसून कळणार नाही. एका छोट्या स्टेशनच्या बाहेर गाडी उभी केली, एक्सप्रेसला पुढे सोडायचं म्हणून. ती गेली. मग दुसरी आली, तिलाही सोडलं. तोपर्यंत पंखे हळू हळू होत होत बंद. आत्याच्या डोळ्याला पट्टी, तोंडावर घाम, डॉक्टरने घाम डोळ्यात जाऊ देऊ नका म्हणून बजावलेलं. समोरच्या बाईच्या मांडीवरचं लेकरू रडून रडून गप्प झालं, ते गप्प झालं म्हणून ती बाई जास्त घाबरली. एका पोराने खिशातला कंगवा काढून पंख्याच्या जाळीत घातला आणि पातं ढकललं, आपल्याकडचा जुना उपाय, पण पंखा जाम असेल तर कंगवा, बॅटरीच उतरलेली असेल तर कंगवा काय करणार? मी खाली उतरून गार्डसाहेबांपर्यंत गेलो. भला माणूस होता, त्याच्या डब्यातही तेच हाल. म्हणाला, "काका, गाडी हलली की पंखे हलतील."

आणि बरोबर होतं त्याचं. जुन्या निळ्या डब्यांखाली अल्टरनेटर (वीज तयार करणारं यंत्र) असतो, चाकाच्या एक्सलवरून पट्टा, चाक फिरलं की चार्जिंग, गाडी थांबली की सगळा भार बॅटरीवर. आता पॅसेंजर ही गाडीच थांबण्यासाठी काढलेली, सिंगल लाइनवर तर पळते कमी आणि उभी राहते जास्त, त्यात बॅटऱ्या म्हाताऱ्या, पट्टा सैल. म्हणजे ज्या गाडीला सगळ्यात जास्त थांबायचं तिलाच थांबल्यावर वीज नाही! आणि वर छत बघा, पत्रा असा तापलेला की हात लावला तर फोड येईल. इतकं ऊन त्या छतावर फुकट चाललं होतं, आणि खाली मी तुमच्या पेपरची घडी करून आत्याला वारा घालत होतो. कागद जाड वापरता, तेवढ्याबद्दल आभार.

कोणी म्हणेल नव्या धर्तीच्या एलएचबी डब्यांच्या गाड्यांना आता वरच्या वायरची वीज इंजिनातून थेट डब्यांना मिळते, विजेवरच्या मेमू लोकललाही मिळते, मग छतावर पॅनेल कशाला. मान्य आहे. वंदे भारतवर पॅनेल लावा असं मी म्हणतच नाहीये. पण जोपर्यंत जुने निळे डबे आमच्या नशिबी आहेत तोपर्यंत तरी त्यांच्यावर लावा. ती सोलरवाली डेमू दिल्लीजवळ फारुखनगरच्या लाइनवर चालली, मग मराठवाड्यात काय सूर्य वेगळा उगवतो?

आणि गाडी ओढायलाच सोलर वापरायचं असेल तर पॅनेल जमिनीवर टाका आणि वीज वायरमधून आणा, मध्य प्रदेशात बीनाला रेल्वेने भेल या सरकारी कंपनीबरोबर केलंय की ते २०२० मध्ये. १.७ मेगावॅटचा प्लांट, तिथली वीज २५ हजार व्होल्टची करून थेट इंजिनाच्या वायरला दिली. हे खरं काम. पण त्याला 'छतावर सोलर, गाडी भुर्रकन' असा मथळा देता येत नाही ना.

हो, आणि फोटो! बातमी बनारसची, फोटो ऑस्ट्रेलियातल्या बायरन बेच्या गाडीचा. तिच्या छतावर पॅनेल आहेत, खरं आहे, २०१७ च्या डिसेंबरपासून चालते, पण तिचा मार्ग सगळा मिळून ३ किलोमीटर, १९४९ सालची छोटी जुनी डिझेल गाडी बदलून बॅटरीवर केलेली, आणि स्टेशनच्या शेडवर वेगळे ३० किलोवॅटचे पॅनेल. छतावर फक्त साडेसहा किलोवॅट. लोकांना वाटतं तिकडे सगळं गाडीच्या टपावर चालतं आणि आपलेच लोक नालायक. फोटोखाली एक ओळ टाकायला काय जात होतं?

जाता जाता अजून एक. पूर्वी तुमच्या पान दोनवर आमच्या स्टेशनच्या गाड्यांचं वेळापत्रक यायचं, ते कधी बंद केलं ते कळलंच नाही, आता तिथे राशिभविष्य दुप्पट जागेत येतं. मोबाईलवर बघा असं तुमच्या ऑफिसातल्या मुलाने फोनवर सांगितलं. आत्याकडे मोबाईल बटणांचा आहे. वेळापत्रक परत चालू करा, गाड्या वेळेवर येत नाहीत हे आम्हाला माहीत आहे, किती उशिरा आल्या ते मोजायला तरी लागतं.

आपला,
एक जुना वाचक, परभणी