बाणस्तारीच्या त्या दोघांना

गेल्या गुरुवारी संध्याकाळी फोंड्याहून पणजीला येताना भर पावसात बाणस्तारीजवळ माझी स्कूटर बंद पडली. बाजाराचा दिवस असूनही सगळे पांगले होते. एका गाड्यावरच्या बाईंनी हाक मारली, "भितर यो रे, भिजता कित्याक?" आणि काही विचारायच्या आधीच चहाचा ग्लास हातात दिला.

चहाबाबत मी जरा शिष्टच. घरी दार्जिलिंगची पानं, वर उकळतं पाणी, तीन मिनिटं झाकण, दूध वर्ज्य. इथे सगळं उलटं! सीटीसीची बारीक दाणेदार पूड, जी झटकन रंग सोडते आणि दुधातही कडक राहते. त्यात ठेचलेलं आलं, गवती चहाची पात, साखर तर विचारूच नका. ग्लास इतका गरम की रुमालात धरावा लागला. दुसरा मीच मागितला.

तेवढ्यात सायकलवरचा एक पदेर, म्हणजे पाववाला, थांबला. त्याने प्लग काढून पुसला, परत बसवला, तिसऱ्या किकला स्कूटर सुरू! पैशांना हात लावला नाही. बाईंनीही एकाच चहाचे घेतले.

नावं विचारायची राहूनच गेली. दोघांनाही, देव बरें करूं.