कुपवाडच्या लेथवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमच्या मोबाईलला अजून बटणं आहेत, त्यामुळे हे तुम्ही स्वतः वाचणार नाही. शाळेतून आल्यावर तुमची नात वाचून दाखवेल, तिला सांगून ठेवलंय. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण माझ्यासारखा अडलेला आणखी कुणी सांगली-मिरजेत असला तर त्याचे सहा महिने वाचतील.

पावसाळ्यात भिजत तुमच्या शेडमध्ये आलो आणि म्हणालो, "काका, ह्याच्यावर थंब ग्राइंड होत नाही." चकातल्या जॉबवरची नजर न काढता तुम्ही म्हणालात, "ग्राइंडिंग पलीकडच्या शेडात. हितं नुसतं टर्निंग." मग मी खिशातून यो-यो काढला आणि तुम्ही मशीन बंद केलं. त्या दिवशी तुमचा किती वेळ खाल्ला ते आठवलं की अजून लाज वाटते.

थंब ग्राइंड म्हणजे काय हे तुम्हाला भोवऱ्यावरून लगेच कळलं. हातजाळीनं भोवरा तळहातावर घेतात, तसा हा फिरता यो-यो अंगठ्यावर घ्यायचा. त्याच्या बाहेरच्या बाजूला जी वाटी असते, तिचा काठ अंगठ्यावर अडकवायचा आणि तो तिथेच फिरत ठेवायचा. माझा यो-यो अंगठ्यावर यायचा, क्षणभर थांबायचा आणि सटकन घसरून गुडघ्यावर आदळायचा. चूक अंगठ्याचीच, असं मी धरून चाललो होतो. घाम येतो म्हणून कॅरमची पावडर लावली. ती बेअरिंगमध्ये गेली आणि यो-यो रडायला लागला. तो बेअरिंग तुम्ही पेट्रोलमध्ये धुऊन दिलात, व्हर्निअर लावून "12.7, म्हंजे अर्धा इंच" असं स्वतःशीच पुटपुटलात आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडलात.

ओढला तरी वर येत नाही, हे बघून तुम्ही "बिघडलाय" म्हणालात. घरी आईही तेच म्हणते! अशा यो-योला दोरीचा पदर मधल्या फटीत देऊन परत बोलवावं लागतं, त्याला बाइंड म्हणतात. "मग खाली नुसता फिरत थांबतोच कसा?" या तुमच्या प्रश्नाला मला पेद्रो फ्लोरेस आठवला. फिलिपीन्समधून अमेरिकेत गेलेल्या या माणसानं 1928 साली कॅलिफोर्नियात यो-योचा कारखाना काढला. त्याच्या यो-योची दोरी कण्याला घट्ट बांधलेली नसे, नुसता फासा टाकलेला असे, म्हणून यो-यो फाशात फिरत राही. आता त्या जागी बेअरिंग आलं. "म्हंजे भोवरा आरीवर, ह्यो छऱ्यांवर," तुम्ही म्हणालात, आणि विषय मिटला.

मी मागणी केली होती ती आत खाच पाडून द्यायची. यो-योचा आकार मला तोंडपाठ होता. बाहेरून इंग्रजी व्हीसारखा, दोरी भिंतीला कमी घासते, वजन सगळं काठाला, म्हणून खूप वेळ फिरतो. तुम्ही बाहेरून पाहिलंच नाही. अंगठा वाटीत घातलात, डोळे मिटलेत आणि बाहेर ओढलात. "आत धरायला काठच न्हाई की रं. ही ताटली हाय. तुला तांब्या पायजे."

काका, त्या एका वाक्यासाठी हे पत्र आहे. ताटलीचा काठ बाहेर उघडतो, त्यात अंगठा टिकणार कसा? तांब्याचा गळा आत वळलेला असतो, आतून त्याच्याखाली बोट अडकतं. मी सहा महिने बाहेरची रेघ बघत होतो. व्ही, गोल, पायरीचा, सगळ्यांची तुलना करून वही भरली होती. अंगठ्याला मात्र आतली रेघ लागते, आणि या दोन रेघांचा एकमेकींशी फारसा संबंध नसतो. व्हीच्या आतही तांब्या असू शकतो, गोलाच्या आतही ताटली. या आतल्या काठाला खेळाडू आयआरजी म्हणतात. हा शब्द मला माहीत होता, अर्थ तुमच्या शेडमध्ये कळला.

दुसरा कुणी असता तर पैसे घेऊन खाच पाडून मोकळा झाला असता. तुम्ही लेथच्या बेडवर खडूनं अर्ध्या यो-योचा काप काढलात आणि नाही म्हणालात. काठ आत वळवायचा तर त्याच्या मागचा धातू काढायला हवा, आणि नेमकं तिथंच वजन आहे. मध्यापासून दुप्पट लांब असलेला ग्रॅम फिरत राहायला चौपट कामाला येतो, म्हणजे काठाचा ग्रॅम गेला तर नुकसानही तेवढंच मोठं. शिवाय दोन्ही अर्धे अगदी सारखे कापले गेले नाहीत तर थरथर सुरू होणार. आधीच अंगठ्यावर कातडी घासून फेर कमी होतात, त्यात ही भर. "काढता येतं, परत लावता येत न्हाई," असं म्हणून तुम्ही यो-यो माझ्या हातात ठेवलात.

एका गोष्टीवर मात्र मी तुमच्याशी वाद घातला. मला आरशासारखं पॉलिश हवं होतं, म्हणजे घसरेल चांगलं. तुम्ही कपाटातून दोन स्लिप गेज, म्हणजे मापाचे गुळगुळीत पोलादी ठोकळे, काढून एकमेकांवर सरकवलेत आणि वरचा उचललात, तर खालचा चिकटून वर आला. कातडीचं आणि पोलादाचं कारण एकच आहे असं मी म्हणणार नाही, पण नवा यो-यो आल्यावर तुमचंच खरं ठरलं. काचेच्या मण्यांनी ब्लास्ट केलेला, हाताला किंचित रवाळ लागणारा मॅट पृष्ठभाग अंगठ्यावर कमी अडतो. स्पर्श करणारी जागाच कमी असते.

नवा घेताना दुकानदाराकडून एकच फोटो मागवला, एक अर्धा उघडून वाटीच्या बाजूनं तिरपा काढलेला. काठाखाली सावली दिसली, तेव्हाच पैसे पाठवले. 66 ग्रॅम, 56 मिलिमीटर, बाहेरून गोल पायरीचा. सोमवारी, आमच्या एमआयडीसीला सुट्टी असते त्या दिवशी, गच्चीवर पहिल्यांदा तो अंगठ्यावर थांबला. अंगठ्याचं टोक जरा वर ठेवायचं आणि दोरी मोकळी सोडायची, एवढंच उरलं होतं. दुसऱ्या दिवशी तुमच्यासमोर केलं तेव्हा तुम्ही मोठ्यानं आकडे मोजलेत. अकरापर्यंत गेला. तुमच्या कामावरचा पोरगा चहा घेऊन आला होता, तो ग्लास धरून तसाच उभा.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. जुना ताटलीवाला यो-यो मागितलात, तो आता तुमच्या लेथशेजारी खिळ्याला टांगलेला आहे आणि जेवणाच्या सुट्टीत तुम्ही तो खाली फिरत ठेवता, असं पोरगा सांगत होता. त्याची दोरी आता काळी पडली असणार. हाताचं तेल लागलं की ती बाइंडला नीट धरत नाही. मंगळवारी पॉलिस्टरच्या चार दोऱ्या घेऊन येतो, तुमच्या बेंबीपर्यंत मापून कापू.

तुमचा,
ग्राइंडिंगवाला