नेरूळच्या त्या सिस्टरना आणि रांगेतल्या दादांना

मार्च २०२१. पंचेचाळिशीपुढच्या प्रत्यारोपण झालेल्यांना कोरोनाची लस खुली झाली आणि मी ह्यांना घेऊन नेरूळच्या केंद्रावर आले. मूत्रपिंड बसवल्यापासून टॅक्रोलिमसची गोळी रोज दोनदा. शरीराने नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवायची, आणि लस शिकवणार तिलाच! त्यात ती गर्दी. माझे हातपाय गार पडले होते.

हातातलं डॉक्टरांचं प्रमाणपत्र बघून एका दादांनी काही न विचारता आम्हाला पुढे केलं. मागचं कुणीही कुरकुरलं नाही.

आणि त्या सिस्टर! पीपीई किटमध्ये घामाने निथळत होत्या, तरी शांतपणे सांगत राहिल्या : "काका, यात जिवंत विषाणू नाही, घाबरू नका. गोळी एकही चुकवायची नाही. तुमच्यात अँटीबॉडी कमी तयार होतात, म्हणून दोन्ही डोसनंतरही मास्क सोडू नका. घरातल्या सगळ्यांनीही लस घ्या." हे शेवटचं आम्हाला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं. नंतरच्या अर्ध्या तासासाठी त्यांनी खिडकीजवळ वेगळी खुर्चीही मांडून दिली.

तुमची नावं विचारायची राहिली. ह्यांचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी, आजही ठीक आहे. मनापासून आभार.