फाओला उतरलेल्यांचे दालन : बिल्ले, कागद आणि निधीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

६ नोव्हेंबर १९१४ रोजी आजच्या इराकमध्ये शत्त-अल-अरब नदीच्या मुखाशी, फाओ येथे, पहिल्या महायुद्धातली हिंदी फौज होड्यांतून किनाऱ्याला लागली. 'ओडिन' या युद्धनौकेने तुर्की किल्ल्यावरच्या तोफा आधी गप्प केल्या, मग सुमारे ६०० जण उतरले. फौज पूना डिव्हिजनची. १६ ऑक्टोबरला मुंबई सोडलेल्या तिच्या १६व्या ब्रिगेडमध्ये ११७वी मराठा पलटण होती. मागोमाग आलेल्या १८व्या ब्रिगेडमध्ये ११०वी मराठा लाइट इन्फन्ट्री. फाओ स्वस्तात पडले. दमछाक झाली ती नदीने वर गेल्यावर, सानिया येथे. तिथे धक्का नव्हता, उतरायला होड्या अपुऱ्या आणि काठ चिखलाचा. १७ नोव्हेंबरच्या साहिलच्या लढाईत पावसाने त्या चिखलात आणखी भर घातली. महिना संपायच्या आत बसरा हाती आले. पण याच दोन्ही पलटणी पुढे कुत-अल-अमारा येथे तुर्कांच्या वेढ्यात सापडल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी कैद झाल्या.

बसऱ्याच्या युद्धस्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे आहेत. साध्या शिपायांचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा कोरला आहे. नावे शोधायची तर घराघरांतल्या ट्रंकाही उघडाव्या लागतील. म्हणून सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी जुन्या चावडीच्या खोलीत एक छोटे संग्रहालय उभे करतो आहोत.

सर्वांत आधी हवे आहेत बिल्ले, म्हणजे युद्धात मिळालेली पदके. फाओला गेलेल्याला सहसा तीन मिळाले : कांस्याचा '१९१४-१५ स्टार', चांदीचे ब्रिटिश वॉर मेडल आणि इंद्रधनुषी फितीचे व्हिक्टरी मेडल. स्टारवर नाव मागच्या सपाट बाजूला असते, उरलेल्या दोघांवर कडेला. तिथे नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजीत कोरलेली सापडते. हीच ओळ आमच्या कामाची. कृपा करून बिल्ले घासू नका. चिंच, रांगोळी, पितांबरी यांनी चकाकी येते, पण कडेची अक्षरे झिजतात, आणि अक्षरे गेली की तो कोणाचा हे सांगणारे काही उरत नाही. वॉर मेडल चांदीऐवजी कांस्याचे निघाले तर खोटे समजून टाकू नका. भिस्ती, खेचरवाले, स्वयंपाकी अशा बिनलढाऊ माणसांना तेच दिले गेले. आमच्या मते त्यांची नोंद जास्त दुर्मिळ आहे. चांदीची पुष्कळशी मोडीत गेली, तेव्हा फक्त फीत किंवा स्टार उरला असेल तरी आणा.

पत्रे, पेन्शनचे कागद, डिस्चार्ज सर्टिफिकेट, फोटो हेही हवे. लॅमिनेशन करू नका; प्लास्टिक पुन्हा सुटत नाही आणि आतला कागद पिवळा होत जातो. फाटले असेल तर सेलोटेप नको. घडी चिकटली असल्यास ओढू नका, तशीच कोऱ्या कागदात ठेवून आणा. त्या काळची बरीच मराठी पत्रे मोडी लिपीत आहेत, त्यामुळे मोडी वाचणाऱ्या किमान दोन स्वयंसेवकांची गरज आहे. कागद गावात ६०० डीपीआयवर स्कॅन करून त्याच दिवशी परत देऊ.

वस्तू कायमची द्यायची, ठेव म्हणून ठेवायची, की फक्त स्कॅन आणि फोटो काढू द्यायचे, हे घरच्यांनी ठरवावे. ठेवीच्या वस्तूचा करार दोन प्रतींत होईल. त्यात दोन्ही बाजूंचा फोटो आणि ग्रॅममध्ये वजन असेल. भावकीत वाटा असेल तर सगळ्यांच्या सह्या घेऊनच या. हा मुद्दा नंतर निघाला की फार त्रास होतो.

आता पैशांचे. इमारत आहे, छपराचे काम ग्रामपंचायत करते आहे. निधी लागतो तो चार बंद काचपेट्यांना. त्या पावडर कोटिंग केलेल्या लोखंडाच्या हव्यात. सुतार प्लायवूडच्या स्वस्तात करून देतो, पण प्लाय आणि त्यातल्या गोंदाच्या वाफांनी धातू गंजतो, आणि लोकरी बनात किंवा रबर आत वापरले तर त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. आमच्याकडे पावसाळ्यात खोलीत भिंतींना पाणी सुटते, म्हणून प्रत्येक पेटीखाली ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचा कप्पा राहील. घनमीटरला सुमारे २० किलो धरतात. आमची पेटी पाव घनमीटरची, म्हणजे पेटीला पाच किलो, चार पेट्यांना वीस. ओले झालेले जेल ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येते, तेव्हा बदली संच धरून चाळीस किलो घ्यायचे आहे. कागद आणि कापडावर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू नये यासाठी मंद एलईडी आणि खिडक्यांना अतिनील किरण अडवणारी फिल्म. कोणी वस्तुरूपाने दिले तरी चालेल. जेल मात्र रंग बदलणारे, आणि निळे नको, कारण त्यात विषारी कोबाल्ट असते.

रोख रक्कम स्वीकारत नाही. धनादेश किंवा ऑनलाइन देणगी समितीच्या खात्यावर द्यावी, पावती लगेच मिळेल. देणगीदारांना आयकरात सवलत देणारी नोंदणी (८०जी) अजून झालेली नाही, त्यामुळे करसवलत मिळणार नाही.

वस्तू स्वीकारणे दर रविवारी सकाळी १० ते १, ग्रामपंचायत कार्यालयात. पुण्या-मुंबईकडच्यांनी बिल्ले कुरिअरने पाठवू नयेत. कडेचा फोटो तिरप्या उजेडात काढून आधी पाठवा, अक्षरे त्यात स्पष्ट उठतात. पुढे काय करायचे ते फोनवर बोलून ठरवू.

आपले,
स्मारक समिती व ग्रामपंचायत